घसरण्याचा पास

जिंतुरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात, तीन नंबरच्या खिडकीमागं, मुंजाजीराव दुधाटे सव्वीस वर्षं बसत आले होते. गावोगावच्या पोरापोरींचे एसटी पासाचे अर्ज तपासायचे आणि सही-शिक्का मारायचा, हे त्यांचं मुख्य काम. फोटो जरा तिरका चिकटवलेला असला की अर्ज परत. शाई निळी नसली की परत. गाव 'येलदरी' की 'येलदरी कॅम्प' हे नीट लिहिलं नसलं की परत, आणि वर "पास म्हंजे काय खेळ वाटला का?" हे वाक्य आहेच. तालुक्यात त्यांना वरिष्ठ लिपिक म्हणून कोणी ओळखत नव्हतं, 'पासवाले दुधाटे' म्हणूनच ओळखत. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. माणसाची एका तरी गोष्टीवर हुकूमत असावी, आणि ती पासावर असली तरी ती काही कमी नव्हे, असं त्यांचं मत होतं.

हे मत यंदाच्या जानेवारीपर्यंत टिकलं.

सुरुवात राजेश्रीबाईंनी केली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांनी नवऱ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. म्हणजे गॅसची टाकी, पंख्याचं कंडेन्सर, दळण आणून द्या, असलं मागितलं होतं, पण ते मागण्यात धरत नाहीत. त्यांचा आजवरचा सगळा प्रवास कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी बाळंतपण नाहीतर कुणाचा तरी दहावा, एवढ्याच कारणांनी झालेला. दिवाळीच्या फराळाची भांडी घासता घासता त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "अवो, एकदा बर्फावर जाऊत का? सगळे मिळून. मायला बी घेऊन."

"बर्फावर काय हाय?" मुंजाजीरावांनी विचारलं.

"काय न्हाई. बर्फच हाय."

ह्या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. सातवीतल्या लेकीनं, निकितानं, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर ठिकाण शोधून काढलं. हिमाचलातलं चांदणधार. तिथं पायाला लांब पट्ट्या बांधून लोक बर्फाच्या उतारावरून घसरतात आणि त्याला स्कीइंग म्हणतात, हे तिनं आजीला करून दाखवलं, त्यात स्वयंपाकघरातल्या दोन लाटण्यांचा उपयोग केला.

"पडंल की मानूस," नर्मदाबाई, म्हणजे मुंजाजीरावांची माय, म्हणाल्या.

"पडतातच आजी. पडायलाच जातात. पप्पा, तिथं फक्त पास काढावा लागतो. स्की पास."

'पास' हा शब्द कानावर पडताच मुंजाजीराव खुर्चीत ताठ झाले. इतका वेळ घसरणं, पट्ट्या, थंडी ह्या सगळ्यात ते परके होते. आता चर्चा त्यांच्या अंगणात आली होती.

"पासाचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, त्यांनी कार्यालयाच्या संगणकावर चांदणधारचं संकेतस्थळ उघडलं. पास अकरा प्रकारचे होते. एक दिवसाचा. अर्ध्या दिवसाचा, त्यात सकाळचा वेगळा आणि दुपारचा वेगळा. तीन दिवस सलग. पाचांपैकी कोणतेही तीन दिवस. लाल पास म्हणजे शिकाऊ लोकांचा उतार, काळा पास म्हणजे जिवावर उदार झालेल्यांचा, पिवळा म्हणजे रोपवेनं डोंगरावर जाऊन नुसतं बघायचं, आणि निळा म्हणजे पायी फिरायचं, कशालाही हात लावायचा नाही. शिवाय कौटुंबिक पास, विद्यार्थी पास, आणि 'हंगामी निष्ठावंत' नावाचा एक पास, जो नेमका कुणासाठी होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. एसटीचा पास सोपा असतो. इथून तिथं. इथं माणूस जिथून निघणार तिथंच परत येणार होता आणि तरी अकरा प्रकार होते.

मुंजाजीरावांनी डबा तसाच बंद केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वरणाला हातही न लावता तो घरी परत गेला.

त्यांच्या गल्लीत, बरोबर समोर, धम्मदीप खरात सर राहत. त्याच महाविद्यालयात भूगोल शिकवत. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, पण शिकवला पुष्कळ होता. मुंजाजीरावांनी अडचण सांगताच ते आत जाऊन नकाशांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि ओट्यावर मांडी ठोकून बसले.

"सलग तीन दिवसांचा अजिबात घेऊ नका, मुंजाजीराव. जानेवारीत तिकडं पश्चिमी विक्षोभ येतात. दोन दिवस वादळात गेले तर पास वाया. उतार उत्तराभिमुख आहे का?"

"ते पासावर लिहिलेलं न्हाई."

"मग विचारा. उत्तराभिमुख असेल तर सकाळचा पास व्यर्थ. बर्फ कडक असतो. दक्षिणाभिमुख असेल तर दुपारचा व्यर्थ. चिखल होतो."

सुकेशनीताई, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "वैनीला काय पायजे ते इचारलं का कोणी?"

"ते नंतर," सर आणि मुंजाजीराव एकदमच म्हणाले, आणि दोघं पुन्हा नकाशावर वाकले.

दुसरा सल्ला पाथरीहून आला. तिथले साडू, दत्तराव, तीन वर्षांपूर्वी मनालीला जाऊन आले होते आणि तेव्हापासून घरातल्या फ्रीजचं दार उघडलं तरी त्यांना मनाली आठवायची. ते फोनवर सांगून थांबणाऱ्यातले नव्हते. रविवारी सकाळच्या बसनं स्वतः आले.

"पास काढायचाच न्हाई," पाय धुता धुताच त्यांनी निकाल दिला. "वर जायचं, तिथल्या मानसाच्या खांद्यावर हात टाकायचा, म्हनायचं, भाऊ लय लांबून आलाव, सोड. सोडतोय."

मुंजाजीराव सर्द झाले. सव्वीस वर्षं खिडकीतून ज्या माणसांशी ते झगडले, ज्यांनी बसमध्ये कंडक्टरच्या खांद्यावर हात टाकले, ते सगळे एका जागी गोळा होऊन साडूच्या रूपानं त्यांच्याच मोरीत पाय धूत होते.

"दत्तराव," ते म्हणाले, "ह्या घरात पासाबिगर कोणी घसरनार न्हाई."

त्यांचा कल कौटुंबिक पासाकडं होता. एकच पास, सगळं कुटुंब, कुठल्याही वेळी, कुठल्याही रंगाच्या उतारावर. खात्री करावी म्हणून त्यांनी चौकशीच्या क्रमांकावर फोन लावला. वीस मिनिटं संतूर ऐकवून झाल्यावर एका मुलीनं फोन उचलला.

"सर, फॅमिली में कितने मेंबर हैं?"

"चार."

"टू अडल्ट, टू चिल्ड्रन?"

"न्हाई. मैं हूँ, मेरी मिसेस है, एक लडकी है और मेरी माय है."

"सर, फॅमिली पास में टू अडल्ट, टू चिल्ड्रन ही होते हैं."

"पर हम चारच है ना?"

"हाँ सर. पर आपकी फॅमिली, फॅमिली नहीं है."

मुंजाजीरावांनी फोन ठेवला. बावीस वर्षं रेशनकार्डावर असलेलं, चार मतदार याद्यांत एकाखाली एक छापलेलं आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब' म्हणून बोलावलेलं कुटुंब एका क्षणात बरखास्त झालं होतं. त्या मुलीचा आवाज तर फार गोड होता. त्याचं जास्त वाईट वाटलं.

"एक लेकरू कमी पडायलंय," त्यांनी राजेश्रीबाईंना सांगितलं.

"आता?" राजेश्रीबाई म्हणाल्या.

त्यात निकिताचा प्रश्न वेगळाच. लहान मुलांचा पास तेरावं लागेपर्यंतच, आणि तिला तेरावं लागणार सत्तावीस जानेवारीला. म्हणजे सव्वीस तारखेला उतारावर असताना ती लेकरू, आणि रात्रीतून बाई. मुंजाजीरावांनी सगळा प्रवास दोन दिवस अलीकडं ओढला, त्यामुळं वाढदिवस परतीच्या रेल्वेत आला. निकितानं एक दिवस अबोला धरला. पासापुढं वाढदिवस काय, असं मुंजाजीराव म्हणाल्यावर तो चार दिवसांचा झाला.

पण ह्या सगळ्यापेक्षा मोठं काम नर्मदाबाईंनी काढलं. सत्तर वर्षांवरच्या माणसाला पिवळा पास फुकट होता. नर्मदाबाई पंच्याहत्तरीला टेकलेल्या. मुंजाजीरावांनी खुशीत मायचं आधारकार्ड काढलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे अडुसष्ट. मुंजाजीरावांचा स्वतःचा जन्म पंच्याहत्तरचा. सरकारी कागदावर माय लेकापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठी होती.

"माय, हे कुणी लिहिलं?"

"त्या शिबिरात एक पोरगी होती. मला म्हनली, आजी वय किती? मी म्हनलं, तूच लिही बाई अंदाजानं. तिला मी लहान दिसले आसन."

बसस्थानकाजवळच्या सेवा केंद्रात मुंजाजीराव मायला घेऊन गेले. तिथल्या माणसानं मान वर न करता शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

"साळंत गेलेच न्हाई तर सोडू कशी?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"मग जन्म कधीचा?"

"रझाकाराचा धुमाकूळ सरून दोन-तीन वर्सं झालती. आन् येलदरीचं धरन बांधायलते तवा मी डोक्यावर पाटी घेतलेली हाय."

"धरणाचा दाखला चालत नाही," तो माणूस म्हणाला.

मग वयाचा वैद्यकीय दाखला. त्यासाठी दात मोजले, चार भरले. मग राजपत्रित अधिकाऱ्याचं पत्र. अधिकारी दौऱ्यावर. अधिकारी आले तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या कुणाच्या खिशात, आणि ते दौऱ्यावर. शेवटी सगळी कागदपत्रं जुळवून मुंजाजीरावांनी अर्ज खिडकीतून आत सरकवला. आतल्या बाईंनी तो हातभर लांब धरून पाहिला.

"फोटो तिरका लागलाय," त्या म्हणाल्या आणि अर्ज बाहेर सरकवला.

मुंजाजीरावांनी अर्ज उचलला. खिडकीच्या ह्या बाजूला उभं राहिल्यावर पाय कसे दुखतात, हे त्यांना पन्नाशीत कळत होतं. सहाव्या खेपेला काम झालं आणि नर्मदाबाई एकोणीसशे एक्कावन्न साली रीतसर जन्मल्या. तोवर मुंजाजीरावांच्या वर्षभराच्या किरकोळ रजा डिसेंबरातच संपून गेल्या होत्या.

नव्या वर्षाच्या रजेचा अर्ज त्यांनी 'कौटुंबिक कारण' म्हणून दिला. प्राचार्यांनी विचारलंच, आणि मुंजाजीरावांना खोटं बोलता येत नसल्यामुळं सगळं सांगितलं. दुपारपर्यंत कॉलेजला कळलं, संध्याकाळपर्यंत जिंतूरला. दुसऱ्या दिवशी बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा अर्ज त्यांनी अक्षर लागत नाही म्हणून परत केला, तर ती अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, घसरायच्या पासाला पन बोनाफाईड लागतं का?" मागच्या रांगेत कोणीतरी फुसकन हसलं. मुंजाजीरावांनी शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि चुकून स्वतःच्या तळहातावर मारला.

अर्ज भरायची पाळी आली तेव्हा दहा दिवस उरले होते. संकेतस्थळ प्रत्येकाची, नुसतं बघणाऱ्याचीही, उंची, वजन, बुटाचं माप आणि स्वभाव विचारत होतं. स्वभावाचे प्रकार तीन: सावध, मध्यम, आक्रमक.

"तुमचं सावध लिहा," राजेश्रीबाई म्हणाल्या.

"आन् मायचं?"

"मायचं काय इचारायलाव?"

नर्मदाबाई 'आक्रमक' म्हणून नोंदल्या गेल्या. बुटाचं माप त्यांना माहीत नव्हतं, तेव्हा त्यांचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं गिरवला, आणि तो पट्टीनं मोजेस्तोवर पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'तुमची वेळ संपली आहे'. मुंजाजीरावांच्या ते फार मनाला लागलं. पुन्हा पहिल्यापासून भरलं. पुन्हा वेळ संपली. तिसऱ्यांदा खरात सर मदतीला बसले आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करता करता त्यांनीच वेळ संपवली.

पण ह्याच रात्रंदिवसाच्या छळातून मुंजाजीरावांना तोडगा सुचला. कुटुंब म्हणून पास मिळत नसेल तर प्रत्येकाला त्याचा सर्वांत योग्य पास घ्यायचा. नर्मदाबाईंना पिवळा, ज्येष्ठांचा, रोपवेनं वर जाऊन बघायचा. निकिताला लाल, मुलांच्या वर्गाचा, सकाळी नऊ ते एक. राजेश्रीबाईंना लाल, दुपारी एक ते पाच, कारण महिलांना सवलत दुपारीच होती. आणि स्वतःला निळा, पायी, जाळीबाहेरचा. कुणीतरी पर्स आणि मोजे धरायला हवंच होतं. खरात सरांनी हा तक्ता तीनदा तपासला आणि म्हणाले, "एकही चूक नाही. हे छापून घ्या." मुंजाजीरावांनी छापून, वर प्लॅस्टिकचं आवरण चढवून घेतलं. अडीच महिन्यांत प्रथमच ते पोटभर जेवले.

परभणीहून रेल्वे, मग बस, मग दुसरी बस, आणि ह्या सबंध प्रवासात नर्मदाबाईंनी बांधून आणलेले धपाटे. चोवीस जानेवारीच्या सकाळी दुधाटे कुटुंब चांदणधारच्या दाराशी उभं राहिलं. समोर सगळा डोंगर पांढरा होता. राजेश्रीबाई शाल घट्ट ओढून नुसत्या बघत राहिल्या. मुंजाजीरावांनी प्रत्येकाच्या गळ्यात पास अडकवला.

तिथं तीन फाटकं होती. लाल, पिवळं, निळं.

नर्मदाबाईंना पिवळ्यातून नेलं. निकिताला लाल फाटकातल्या बाईंनी बोलावून घेतलं. राजेश्रीबाईंनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"अवो, मग आपन सगळे एका जागी कवा?"

मुंजाजीरावांनी तक्ता काढला. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"जेवताना," ते म्हणाले.

जेवणाची जागा लाल फाटकाच्या आत होती. निळ्या पासाला तिथं मज्जाव होता.

पहिला दिवस असा गेला. एक वाजता निकिता बाहेर आली आणि राजेश्रीबाई आत गेल्या, तेवढ्यात फाटकाच्या फिरत्या दांड्यापाशी मायलेकींची भेट झाली आणि हातमोज्यांची अदलाबदल झाली. नर्मदाबाई वरच होत्या. मुंजाजीराव जाळीबाहेर, दोन पर्स आणि एक धपाट्यांचा डबा धरून, पाच तास उभे होते. लांबवर लाल उतारावर ठिपक्याएवढी माणसं हलत होती. त्यातला कोणता ठिपका आपला, हे काही त्यांना ओळखू येईना. त्यांनी अंदाजानं एकाकडं बघून हात हलवला. तो ठिपका पंजाबातला निघाला आणि नंतर येऊन भेटून गेला.

एकही चूक नव्हती, आणि सगळं चुकलं होतं. मुंजाजीरावांना ते कळत होतं, पण कुठं दुरुस्ती करायची हे कळत नव्हतं. तक्त्यात खाडाखोड करायला जागा नव्हती, प्लॅस्टिक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला जाळीजवळच, पन्नास पावलांवर, एक लाल कपड्यातली बाई पडली. पायातल्या पट्ट्या एकमेकींत कात्रीसारख्या अडकल्या. तिनं उठायचा प्रयत्न केला, पुन्हा पडली. शिकवणारा खाली कुठंतरी दुसऱ्याच घोळक्यात होता. मग त्या बाईनं मान वर करून हाक मारली.

"अवोऽऽ!"

त्या सबंध डोंगरावर ह्या हाकेला ओ देणारा एकच माणूस होता. मुंजाजीराव निळ्या फाटकातल्या पहारेकऱ्याकडं धावले.

"मेरेको अंदर जाने दो. मेरी मिसेस पडी है!"

पहारेकऱ्यानं त्यांच्या गळ्यातला पास हातात घेऊन वाचला. अगदी सावकाश वाचला, मुंजाजीराव स्वतः वाचत तसा.

"सर, आपका पास ब्लू है. वो रेड झोन है."

"अरे, पर मिसेस मेरी है!"

"हाँ सर. पर मिसेस रेड झोन में पडी है."

"अवोऽऽ!" पुन्हा आलं. ह्या खेपेला आवाज बारीक होता.

त्यानंतर काय झालं ते मुंजाजीरावांना नीट सांगता येत नाही. पर्स आणि डबा त्यांनी पहारेकऱ्याच्याच हातात दिला, एवढं नक्की. मग ते जमिनीवर आडवे झाले आणि जाळीखालून आत सरपटले. महाविद्यालयाचा वरिष्ठ लिपिक, वय पन्नास, विनापरवाना. आत जाऊन उभे राहिले, बायकोच्या दिशेनं दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्या पावलाला पायाखालचा सगळा हिमालय निघून गेला. ते पाठीवर पडले आणि डोकं पुढं, पाय मागं, अशा स्थितीत उतारावरून निघाले. राजेश्रीबाईंच्या अगदी जवळून ते गेले. जाता जाता सवयीनं "आलो, आलो" म्हणाले, आणि तसेच पुढं गेले.

खाली बर्फाच्या ढिगात ते थांबले तेव्हा चारीकडून शिट्ट्या वाजत होत्या. त्यांनी हातपाय हलवून बघितले. सगळे होते. वर पाहिलं तर राजेश्रीबाईंनी पायातल्या पट्ट्या कशाबशा काढून फेकल्या होत्या आणि त्या बसल्या बसल्याच, दोन्ही हातांनी रेटा देत, उतारावरून खाली येत होत्या. त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. कपाळावर बर्फ, नाक लाल.

"लागलं का?"

"न्हाई. तुला?"

"न्हाई." मग त्या हसायला लागल्या. हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला तर हातमोज्यातला बर्फ तोंडात गेला आणि त्या आणखीच हसल्या. "आलो आलो म्हनून कुटं चाललता?"

मुंजाजीरावांनाही हसू येणार होतं. पण तेवढ्यात दोन पहारेकरी येऊन उभे राहिले.

कार्यालयात एका गोऱ्यापान, शांत माणसानं त्यांना नियम वाचून दाखवला. विनापरवाना क्षेत्रबदल केल्यास पास रद्द. मुंजाजीरावांनी मान डोलावली. नियम त्यांना पटला. ते स्वतः असते तर त्यांनीही रद्दच केला असता.

"और सर, चारों पास एक ही बुकिंग पर हैं," तो माणूस म्हणाला आणि त्यानं एक कळ दाबली. "चारों रद्द."

"साब, गलती मेरी है. बीवी-बच्चे का क्या?"

"बुकिंग एक है सर. आप लोग फॅमिली हैं ना?"

फोनवरच्या मुलीनं नाकारलेलं कुटुंब ह्या माणसानं अखेर मान्य केलं होतं. मुंजाजीराव खुर्चीतच खचले. बाहेर निकिता वाट पाहत होती. सगळं ऐकून ती आधी त्यांच्यावर ओरडली, आणि मग डोंगराकडं बघत हळूच म्हणाली, "पप्पा. आजीचा पास?"

तिघांनी वर पाहिलं. रोपवेची तार धुक्यात शिरत होती. तिच्या वरच्या टोकाला नर्मदाबाई होत्या.

त्याच वेळी कार्यालयातला फोन वाजला. वरच्या फाटकातून कोणी सांगत होतं की एक माताजी खाली येऊ पाहताहेत, पण त्यांचा पास लावला की यंत्र लाल दिवा दाखवतंय. फोनमध्ये मागून, बाहेरपर्यंत ऐकू येईल असा, मुंजाजीरावांच्या ओळखीचा आवाज येत होता. "मी काय चोरी केली का रं? माझ्या लेकानं रीतसर पास काढलाय! माझा लेक पासवाला हाय!"

मुंजाजीरावांनी डोळे मिटून घेतले.

रोपवेच्या तिकीट खिडकीवर तिघं धावत गेले. खिडकी उंच होती, आणि आत बसलेल्या माणसाला घाई नव्हती.

"ऊपर एक बुजुर्ग हैं, उनको नीचे लाना है," निकितानं सांगितलं.

"उतरने का टिकट लगेगा."

"दो ना," मुंजाजीराव म्हणाले.

"कौनसा दूँ सर? उतरने के चार प्रकार हैं." त्यानं बाजूच्या फलकाकडं बोट केलं.

मुंजाजीरावांचा हात आपोआप खिशाकडं गेला, पेन काढायला. चष्मा वर सरकवून ते फलक वाचायला वाकले. तेवढ्यात त्यांच्या बरगडीत एक कोपर बसलं आणि ते बाजूला झाले. राजेश्रीबाई खिडकीसमोर उभ्या होत्या.

"भैया, पहला दे दो."

"मॅडम, एक बार समझ तो लीजिए. पहले में..."

"पहला," राजेश्रीबाई म्हणाल्या.

त्यानं पहिला दिला.

दहा मिनिटांनी धुक्यातून एक पाळणा खाली आला. त्यात नर्मदाबाई एकट्याच, नऊवारीवर भाड्याचा जाड कोट घालून, आमदार बसतात तशा ऐसपैस बसल्या होत्या. दार उघडताच त्यांनी हात पुढं केला आणि निकितानं तो धरला. "वर भजे लय चांगले मिळायलेत," त्या म्हणाल्या. "तुमी का न्हाई आलाव?"

मुंजाजीरावांची नजर अजून फलकावर होती. तिसरा प्रकार होता, सत्तर वर्षांवरील, वयाच्या पुराव्याची प्रत दाखवल्यास विनामूल्य. मायच्या आधारकार्डाच्या तीन साक्षांकित प्रती त्यांच्या आतल्या खिशात होत्या. त्यांनी तिथं हात घातला, तोंड उघडलं. राजेश्रीबाई त्यांच्याकडं बघत होत्या, केसांत अजून बर्फ होता.

मुंजाजीरावांनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला.

"चला," ते म्हणाले.